जुन्या पिकअपची पुढची अलाइनमेंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्भ्याच्या एमआयडीसीत पिटमध्ये उभं राहून गाड्यांची पुढची चाकं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. फोनवर रोज तेच प्रश्न येतात. कोणी घोडबंदर रोडवरून विचारतं, कोणी वागळे इस्टेटमधून, कोणी एपीएमसीच्या गेटवर नंबर लागायची वाट बघत. दहा-पंधरा वर्षं झालेली पिकअप म्हणजे बहुतेकांचं घर चालवणारी गाडी. टायरच्या एका जोडीचे पैसे कितीतरी खेपांतून बाजूला पडतात, आणि अलाइनमेंट चुकली की ते रस्त्यावर घासून जातात. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अलाइनमेंट म्हणजे नक्की काय करतात?

पुढच्या चाकांचे तीन कोन तपासतात आणि जे हलवता येतात ते जागेवर आणतात.

टो : वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर. पायाचे अंगठे आत वळवून चालणारा माणूस डोळ्यासमोर आणा, तो टो-इन. पाय फाकवून चालणारा तो टो-आउट.

कॅम्बर : समोरून पाहिलं तर चाक ताठ आहे, की वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललंय.

कॅस्टर : ज्या अक्षावर चाक वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यावर मागे किती झुकलाय. सायकलच्या पुढच्या चिमट्याचा तिरकेपणा आठवा. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक सरळ येतं ते मुख्यतः याच्यामुळे.

टायर सगळ्यात लवकर खातो तो टो. एक चाक १ अंशाने वाकडं असेल तर १ किलोमीटर जाताना ते साधारण १७ मीटर आडवं घासतं. पाव अंश म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकं, तरी किलोमीटरमागे ४ मीटरच्या वर. ५० किलोमीटरच्या फेरीत हे २०० मीटरच्या पुढे जातं. रबर कुठे जातं ते यावरून कळेल.

२. बॅलन्सिंग केलंय, मग अलाइनमेंट वेगळी करावी लागते का?

हो. बॅलन्सिंगमध्ये चाक काढून त्याच्या वजनाचा तोल साधतात. त्याने स्टेअरिंगची थरथर जाते, टायरचं एका बाजूने झिजणं थांबत नाही.

३. मिस्त्री म्हणतो तुमच्या गाडीत फक्त टो सेट होतो. खरं आहे की टाळाटाळ?

खरं असू शकतं. एकाच नावाच्या पिकअपमध्ये मॉडेल आणि वर्षाप्रमाणे पुढची बांधणी बदलते, म्हणून नावावर जाऊ नका. खाली वाकून बघा.

डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी एक्सल असेल आणि तो पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेला असेल, तर ती अखंड एक्सलची गाडी. तिच्यात रोजच्या कामात फक्त टो सेट होतो. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या लांब टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आटे असतात, दुसऱ्याला डावे. क्लॅम्प सैल करून रॉड फिरवला की त्याची लांबी बदलते. कॅस्टर बदलायचा तर पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी निमुळती पत्री घालावी लागते. कॅम्बर एक्सलच्या घडणीतच असतो. तो बिघडला असेल तर किंग पिन (ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं ती) आणि त्याचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजलेत, बेअरिंग ढिलं आहे, नाहीतर एक्सल किंवा स्टब (एक्सलच्या टोकाचा, चाक धरणारा भाग) वाकलाय. तिथे पान्हा लावायला जागाच नसते.

प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतील तर ती विशबोनची गाडी. पाट्यांच्या जागी कॉइल असते किंवा चासीच्या लांबीने मागे गेलेला टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा असतो. इथे साधारणपणे तिन्ही कोन सेट होतात. वरच्या आर्मच्या दोन बोल्टांमागे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात. दोन्हीकडे सारख्या शिम घातल्या किंवा काढल्या की कॅम्बर बदलतो, पुढे-मागे कमीजास्त केल्या की कॅस्टर. काही गाड्यांत शिमऐवजी कॅमचे बोल्ट असतात, फिरवले की आर्म सरकवणारे. जुन्या गाडीत ते गंजून बुशमध्ये धरलेले असतात, आणि मग मिस्त्री 'होत नाही' म्हणतो. ते 'होत नाही' नव्हे, 'वेळ लागेल' आहे.

४. टायर बघून दोष ओळखता येतो का?

बराचसा. तळहात टायरच्या पृष्ठभागावरून आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचरं लागलं तर टो चुकलाय. कडा आत जाताना बोचल्या तर बहुधा टो-आउट, बाहेर येताना बोचल्या तर टो-इन जास्त. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड सपाट झिजली असेल तर आधी कॅम्बर बघा. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत किंवा बेअरिंग ढिलं आहे. अशा टायरवर अलाइनमेंटचे पैसे घालवण्याआधी प्रश्न ५ वाचा.

५. माझे मिस्टर गाडी चालवतात, हिशेब मी ठेवते. दर पावसाळ्यानंतर अलाइनमेंट करून घेतो, रिपोर्ट हिरवा (म्हणजे सगळं मापात) येतो, तरी पुढचे टायर वर्षभर टिकत नाहीत. आम्ही फसवले जातोय का?

ताई, फसवणूक असेलच असं नाही. पण काम उलट्या क्रमाने होतंय. मशीन उभ्या गाडीचे कोन मोजतं. टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचा सांधा) ढिला असेल तर उभ्या गाडीत टो बरोबर दिसतो. गाडी धावायला लागली, चाकाला रस्त्याचा रेटा बसला की तोच सांधा उघडतो आणि चाक आपली दिशा सोडतं. म्हणून आधी ढिलाई काढायची, मग कोन लावायचे. बाकी सगळी उत्तरं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

तपासणी अशी होते. मिस्टरांनी समोर उभं राहून करून घ्यावी.

चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. खटखटलं तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलाई. थांबली नाही तर किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा (विशबोनच्या गाडीत आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा). विशबोनच्या गाडीत जॅक चासीखाली न लावता खालच्या आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ लागेल तितका लावायचा. नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने बॉल जॉइंट घट्ट दाबून राहतो आणि झिजलेला असूनही चांगला वाटतो. मी पाहिलेल्या सगळ्यात जास्त चुका या एका जागी होतात.

मग ३ आणि ९ च्या जागी धरून हलवायचं. इथे टाय रॉड एंड आणि स्टेअरिंगचे सांधे बोलतात. त्याहून चांगली तपासणी चाकं जमिनीवर ठेवून होते. एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. ढिला सांधा हाताला लगेच कळतो.

शेवटी पाट्यांचे आणि आर्मचे बुश, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी), यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे), स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट बघायचे. बॉक्सजवळ चासीला तडा आहे का तेही. इकडच्या पावसात आणि खाडीच्या हवेत जुन्या चासीला गंज लागतोच, तेव्हा चिखल धुऊन मगच बघा.

रबरी बुश नवे टाकले तर गाडी चाकांवर उभी असतानाच त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडीची उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात.

६. गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंटच ना?

लगेच तसं ठरवू नका. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. त्यामुळे हात सैल सोडला की गाडी हळूहळू डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. ठाणे-बेलापूर रोडवर जरा सरकते म्हणून कोन बदलू नका. रविवारी सकाळी एमआयडीसीच्या आतल्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर बघा.

तिथेही ओढत असेल तर आधी दोन्ही टायरची हवा थंड असताना मोजा. कमी हवेच्या बाजूला गाडी जाते. मग पुढचे टायर डावे-उजवे बदलून पुन्हा चालवा. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरच्या आतल्या बांधणीत आहे. तो कोणत्याही कोनाने निघत नाही.

टायर बदलूनही दिशा तीच राहिली तर दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवून थांबा आणि दोन्ही हबजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल. एक बाजू फार तापली असेल तर तिकडचा ब्रेक धरून बसलाय.

यातलं काहीच नसेल तर कोन. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बरच्या (चाक वरून बाहेर कललेल्या) बाजूला आणि कमी कॅस्टरच्या बाजूला जाते. टोमुळे सहसा एका बाजूला ओढत नाही, कारण दोन्ही चाकं तो आपसात वाटून घेतात. म्हणूनच नुसता टो लावून 'ओढणं काढून देतो' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. फक्त ब्रेक मारताना ओढत असेल तर तो ब्रेकचा विषय आहे.

७. अलाइनमेंटनंतर गाडी सरळ जाते, पण स्टेअरिंग वाकडं राहतं. स्टेअरिंग काढून सरळ बसवलं तर चालेल का?

नाही, आणि यात मी ठाम आहे. स्टेअरिंग बॉक्सला एक मध्य असतो. तिथे आतले दाते सगळ्यात घट्ट बसतात आणि सरळ रस्त्यावर प्ले सगळ्यात कमी असतो. वरचं चक्र उपटून सरळ बसवलं तर डोळ्याला बरं दिसतं, बॉक्स मात्र मध्य सोडून चालत राहतो. मग गाडी भरकटते आणि एका बाजूला वळण कमी मिळतं.

आधी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा आणि बरोबर अर्ध्यावर आणा. हा बॉक्सचा मध्य. चक्र इथे वाकडं असेल तर पूर्वी कोणीतरी काढून चुकीचं बसवलंय, ते आता दुरुस्त करायचं. चक्र इथे सरळ असेल तर चाकं त्याच्याशी जुळवायची. अखंड एक्सलच्या गाडीत हे ड्रॅग लिंकची (स्टेअरिंग बॉक्स चाकाला जोडणाऱ्या दांड्याची) लांबी बदलून होतं, टाय रॉडला हातही लावायचा नाही. विशबोनच्या गाडीत दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवायचे, एक लांब तर दुसरा तितकाच आखूड, म्हणजे टो जसाच्या तसा राहतो.

८. मशीनशिवाय, दोरी-टेपने टो मोजता येतो का?

येतो, आणि नीट केलं तर चांगला येतो. सपाट कोबा हवा, सोसायटीचा उतरता रॅम्प नको.

हवा बरोबर करा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पुढचं एकेक चाक उचलून हाताने फिरवा आणि टायरच्या मधोमध खिळ्याचं टोक स्थिर धरून पूर्ण वेढ्याची बारीक रेघ ओढा. आधी खडू फासला की रेघ उठून दिसते. या रेघेमुळे रिम थोडी वाकडी असली तरी माप बिघडत नाही. गाडी खाली घ्या, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा, ठोकळे काढून गाडी तीन-चार मीटर पुढे ढकला. उचलून ठेवलेली चाकं फाकलेली असतात, ढकलल्यावर ती आपल्या जागी येतात. ही पायरी सोडली तर माप फुकट.

आता हबच्या उंचीवर दोन्ही रेघांमधलं अंतर पुढून मोजा आणि मागून मोजा. मागे इंजिनाचा चेंबर किंवा चासी आडवी येते, तिथे गवंड्याचा ओळंबा कामाला येतो. रेघेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा, पुढेही तसंच करा, गाडी हटवा आणि जमिनीवर मोजा. मागचं माप मोठं तर टो-इन, पुढचं मोठं तर टो-आउट.

टाय रॉड थोडा फिरवा, क्लॅम्प किंवा लॉक नट आवळा, गाडी पुन्हा ढकला, पुन्हा मोजा. आवळताना माप हमखास सरकतं.

कॅम्बरही ओळंब्याने कळतो. चाकासमोर दोरी सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. १५ इंची रिमवर ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ अंश. कॅस्टर मात्र असा मोजता येत नाही. त्याला फिरत्या तबकडीवर चाक दोन्हीकडे ठरावीक अंश वळवावं लागतं, तेव्हा मशीनकडेच जा.

९. मग टो किती मिलिमीटर ठेवायचा?

तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलाय तितका. शेजारच्या गाडीचा आकडा घेऊ नका. आकडा अंशात दिला असेल आणि टायर ७०० मिलिमीटरच्या आसपास उंच असेल (१९५/८० आर १५ हा ६९३ भरतो) तर १० मिनिटं (अंशाचा सहावा भाग) म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. आकडा दोन्ही चाकांचा मिळून आहे की एकाचा, तेही वाचा. ती गल्लत झाली की माप थेट दुप्पट चुकतं.

मॅन्युअल नायलॉन टायरच्या काळातलं असेल आणि आता रेडियल घातले असतील तर टो-इन सहसा कमी लागतो. दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवा आणि हजार-दीड हजार किलोमीटरनंतर प्रश्न ४ प्रमाणे हात फिरवून बघा.

१०. माल भरून अलाइनमेंट करायची की रिकाम्या गाडीची?

कंपनीचे आकडे बहुतेक रिकाम्या गाडीचे असतात, तेव्हा मापही रिकाम्यावर. पण माणूस सांगत नाही आणि मशीनवाला विचारत नाही अशी एक गोष्ट इथे आहे. तुमची गाडी बारा महिने कशी चालते?

मागे भार आला की मागचा भाग बसतो, नाक वर जातं, कॅस्टर वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. कांद्या-बटाट्याच्या गोणी मागच्या फाळक्याला टेकवून रचल्या तर स्टेअरिंग हलकं आणि तरंगतं लागतं ते यामुळेच. हा दोष माल पुढे सरकवून जातो. हौद्यात कायम वेल्डिंग मशीन, जनरेटर किंवा पाण्याची टाकी बसवलेली असेल तर मात्र ती तशीच ठेवून मापं घ्या, कारण तुमच्या गाडीचं रिकामं वजन तेच.

११. पुढून बसली म्हणून टॉर्शन बारचे बोल्ट आवळून उचलली. आता टायर खातेय.

उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. क्रम कायम एकच : आधी दोन्ही बाजूंची उंची मॅन्युअलप्रमाणे, मग कॅम्बर-कॅस्टर, सगळ्यात शेवटी टो. बसलेल्या गाडीची चाकं बहुधा वरून आत कलतात आणि आतली कड खातात, तेव्हा उंची आणायला तुमची हरकत नव्हती. पण आवळून बार कडक होत नाही, फक्त गाडी वर येते. गरजेपेक्षा जास्त उचलली तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात आर्म थांब्यावर आपटतो.

१२. मागून येणारे सांगतात, तुझी गाडी तिरकी चालते. पुढची अलाइनमेंट बरोबर आहे.

बहुधा मागचा एक्सल सरकलाय. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले पडले की एक्सल एका बाजूने मागे-पुढे होतो. चाकं सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. दोन्हींत ठळक फरक आला तर तो आधी काढा. नवे पाटे बसवल्यावर यू-बोल्ट काही दिवस चालवून पुन्हा आवळायचे असतात. ते राहून जातं आणि सेंटर बोल्ट पुन्हा तुटतो. पुढच्या पाट्यांनाही हेच लागू.

१३. खड्ड्यात आदळल्यावर टाय रॉड वाकला. गॅसने तापवून सरळ करून देतो म्हणतात.

करू नका. तापवलेल्या लोखंडाची ताकद पूर्वीसारखी राहत नाही, आणि टाय रॉड तुटला की स्टेअरिंग हातात असूनही गाडी तुमची राहत नाही. गायमुखच्या उतारावर किंवा मुंब्रा बायपासवर मागे कंटेनर असताना ते झालं तर काय, याचा विचार करा. टाय रॉड नवा घाला, एंडचे आटे पुरेसे आत गेलेत ते बघा आणि स्प्लिट पिन नवी टाका. काढलेली पिन पुन्हा वापरू नये. वाकलेल्या एक्सललाही गॅस लावू देऊ नका.

१४. साठच्या वेगाला एखादा खड्डा लागला की अख्खं स्टेअरिंग जोरात थडथडतं, थांबल्याशिवाय जात नाही.

अखंड एक्सलच्या गाड्यांचा हा जुना आजार आहे. ब्रेक करकचून मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट धरा, वेग उतरू द्या. कारण बहुधा एक नसतं : किंग पिन, टाय रॉड एंड, पाट्यांचे बुश, बॅलन्स गेलेलं चाक, कधी चुकीच्या पत्रीमुळे वाढलेला कॅस्टर. स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअप) नवा टाकून थडथड तात्पुरती दबते, ढिला सांधा तिथेच राहतो. प्रश्न ५ ची तपासणी पूर्ण होईपर्यंत गाडी हायवेला काढू नका.

१५. पासिंगला अलाइनमेंटचा रिपोर्ट लागतो का? स्टेअरिंगला प्ले आहे, पास होईल का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ स्टेअरिंगबद्दल आहे. चक्रावरचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको, सांध्यांना रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. तेव्हा ठाण्याला एमएच-०४ च्या गाड्या काय आणि वाशीला एमएच-४३ च्या काय, रिपोर्टच्या कागदापेक्षा फाटलेल्या टोप्या आणि पिनेच्या जागी घातलेली तार याची काळजी आधी करा. ३० अंश ही कायद्याची शेवटची हद्द आहे. माझ्या हाताला तितका प्ले लागला तर मी ती गाडी रस्त्यावर सोडणार नाही.

पासिंगच्या आदल्या दिवशी बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले काढायची पद्धत फार घातक आहे. दाते झिजतात ते मध्याजवळ, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच जाते. तिथला प्ले जाईपर्यंत आवळलं की न झिजलेल्या बाजूंना बॉक्स जाम होतो, आणि वळणावर वळवलेलं स्टेअरिंग परत येत नाही. आधी सांध्यांचा प्ले काढा. बॉक्सचाच असेल तर बॉक्स उघडून बघावा लागतो.

१६. किती किलोमीटरने करून घ्यावी?

पुढचा कोणताही सांधा, पाटा किंवा आर्म उघडला की, नवे टायर टाकताना आणि जोराचा खड्डा लागल्यावर. पावसाळ्यात खड्डे चालूच असतात, तेव्हा जून ते सप्टेंबर दर आठवड्याला टायरवर हात फिरवा आणि पूर्ण काम पाऊस ओसरल्यावर एकदा करा. किंग पिनला ग्रीस मात्र पावसाळ्यात जास्त वेळा मारा, पाणी ते धुऊन नेतं. ग्रीस मारताना पुढचं वजन जॅकवर घ्या, म्हणजे ते खालच्या बुशपर्यंत पोचतं.

१७. दोन दुकानांत एकाच दिवशी दोन वेगळे आकडे आले. कोणावर विश्वास ठेवू?

तिसऱ्या दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. मशीनमध्ये तुमचंच मॉडेल निवडलं होतं का? जुन्या पिकअपचं नाव यादीत सापडलं नाही की जवळपासचं निवडतात, मग हिरवा-लाल रंग दुसऱ्याच गाडीचा असतो. क्लॅम्प लावल्यावर चाक फिरवून रिमचा वाकडेपणा मशीनला दाखवला का? आणि मोजण्याआधी गाडी दाबून, पुढे-मागे करून स्थिर केली का?

तिन्ही प्रश्नांना 'हो' असेल तर त्याच दुकानात गाडी रॅम्पवरून उतरवून, एक फेरी मारून, पुन्हा मोजायला सांगा. दोन्ही वेळा आकडा जवळपास तोच आला तर माप खरं. टो प्रत्येक वेळी वेगळा येत असेल तर दुकान बरोबर आहे आणि तुमच्या गाडीत कुठेतरी सांधा ढिला आहे. पुन्हा प्रश्न ५ कडे.